बुडबुड्याची बरणी

आंबोशी महिला संस्थेच्या लोणच्यावरची पट्टी हिरवीची पिवळी झाली, तेव्हा कांचन मगदूमनं पहिला संशय तेलाच्या घाण्यावर घेतला. घाणेवाल्यानं तिला छपरावर नेऊन सौर तावदानं दाखवली आणि वर चहाही पाजला. मग तिनं मिठावर संशय घेतला, मग टेम्पोवर. पिवळीची नारिंगी व्हायला लागली तेव्हा संशय घ्यायला कुणी उरलंच नाही. नारिंगी माल शाळेच्या जेवणात चालत नाही आणि मोठ्या दुकानांत तो पायाशी, झुरळांच्या उंचीवर ठेवतात. सांगलीजवळच्या त्या गावात चाळीसेक बायकांच्या चुली या लोणच्यावर पेटत होत्या, आणि कांचन त्यांची अध्यक्ष होती.

पट्टी म्हणजे काय ते आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी ती नव्हती तेव्हाचे दिवस आठवून बघा. प्रत्येक कंपनीचं आपलं हिरवं पान. प्लास्टिकच्या बाटलीतल्या पाण्यावर तीन पानं, आणि शेजारच्या शेतातल्या गुळावर एकही नाही, कारण पान छापायला गुऱ्हाळवाल्याकडे पैसे नव्हते. कुणाचं पान कशाचं, कुणी मोजलं, काही पत्ता नाही. त्या गोंधळावर एक घाव दोन तुकडे केले ते या पट्टीनं. खाण्यापिण्याच्या प्रत्येक वेष्टनावर एकच पट्टी, सगळ्यांना एकच माप. हवेत किती विषारी धूर सोडला, पाणी किती खाल्लं, जमीन किती झिजवली, कचरा किती केला, या चार गोष्टींची बेरीज करायची आणि रंग ठरवायचा. माप चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. या गोष्टीत चोर कुणीच नाही.

पट्टीची शाई म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पाच रंगांचे कण. किंचित वीज दिली की हवा तो कण वर येतो आणि वीज काढून घेतली तरी तिथंच बसतो. खाली केसाएवढ्या तारेची एक जाळी असते, तिच्यात स्मरण असतं. बॅटरी लागत नाही. वाचक-यंत्र जवळ आणलं की त्याच्याच लहरींवर ती जागी होते. शेत, घाणा, टेम्पो, दुकान, जिथं जिथं वस्तू थांबते तिथं तिथं तिच्या स्मरणात एक नोंद पडते आणि रंग नव्याने ठरतो. डोळ्यांदेखत पट्टी पालटताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा संस्थेतल्या मालनकाकू म्हणाल्या होत्या, "बया, ही तर सरड्याची बहीण."

आंबोशीचं लोणचं काचेच्या बरणीत जायचं. काच जड आणि भट्टीतून आलेली, म्हणून तिचा बोजा मोठा. पण तीच बरणी धुऊन पुन्हा भरली की बोजा दोन फेऱ्यांत वाटला जातो, वीस वेळा भरली की वीस फेऱ्यांत. म्हणून नियम असा, की बरणी ज्या घरची त्याच घरी फिरायची. लोणचं संपलं की गिऱ्हाइकानं ती परत धाडायची आणि पुढच्या खेपेला तीच भरून जायची. या बळावर तर आंबोशी हिरवी होती.

आणि या बळावरच ती बुडायला लागली. कारण आपल्याकडे शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही.

बरण्या परत यायच्या त्या भरून. मिरजेच्या एक बाई तिळाची वडी घालायच्या. कोल्हापूरहून भाजके शेंगदाणे, साताऱ्याहून कढीपत्ता, आणि ज्यांना काही सुचायचं नाही त्यांची चिमूटभर साखर. खोकं उघडायच्या दिवशी बायका गोळा व्हायच्या, वाटून खायच्या आणि न पाहिलेल्या गिऱ्हाइकांना नावं ठेवायच्या किंवा दुवा द्यायच्या. पट्टीला यातलं काहीच कळत नव्हतं. तिच्या हिशेबी बरणीत राहिलेलं अन्न म्हणजे वाया गेलेलं अन्न, आणि वाफेनं दोनदा धुवायची बरणी म्हणजे दुप्पट पाणी, दुप्पट वीज. तिनं त्या साखरेला, त्या वडीला एकच नाव दिलं होतं: परका पदार्थ.

संस्थेची सचिव रेश्मा खोत हिनं हे शोधून काढलं आणि बैठकीत सांगितलं, तेव्हा मालनकाकूंना हसू आवरेना.

"म्हंजे लोकं चांगली हायत म्हणून आपुन वंगाळ ठरलो व्हय?"

"तसंच म्हणायचं, काकू," रेश्मा म्हणाली. "आता दोनच वाटा आहेत. गिऱ्हाइकांना सांगायचं, बरणी रिकामी धाडा. आणि बरण्या इथं न मागवता पुण्याच्या धुलाई केंद्रात जाऊ द्यायच्या. तिथं यंत्र धुतं, पाणी पुन्हा वापरतं. आपल्याकडं येतील त्या कोऱ्या, मोकळ्या."

"रिकामं भांडं धाडा म्हणून कुणाला सांगतेस? जीभ तरी उचलंल का?"

बायका कांचनकडे बघायला लागल्या. सगळ्यांना वाटलं ती पट्टीचा विचार करतीय. ती एका बरणीचा विचार करत होती.

कांचनला एकच मुलगी, शर्वरी. नवरा गेल्यावर कांचननं तिला एकटीनं वाढवलं, पुण्याला शिकायला धाडलं, आणि शिकून झाल्यावर शर्वरीनं हृषीकेशशी लग्न ठरवलं. हृषीकेशचा आधी एक घटस्फोट झाला होता आणि तो तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा होता. कांचन लग्नाला गेली नाही. इतकंच असतं तर निभावलं असतं, पण निघताना शर्वरी पाया पडायला वाकली तेव्हा कांचन म्हणाली, "या उंबऱ्यात परत पाय ठेवू नकोस." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आई आणि लेक दोघींत तो पीळ सारखाच होता. त्यानंतर तीन वर्षांत फोन नाही, पत्र नाही.

फक्त बरणी होती. लग्नानंतर वर्षानं पुण्याहून परत आलेल्या एका बरणीत भोपळ्याच्या बिया निघाल्या, हळद-मीठ लावून तव्यावर करपेपर्यंत भाजलेल्या. करपवायची खोड या घरातलीच. कांचननं त्या बिया कुणाला दिल्या नाहीत, पदरात बांधून घरी नेल्या आणि एकटीनं सोलून खाल्ल्या. बरणीच्या तळाच्या काचेत वाटाण्याएवढा हवेचा बुडबुडा अडकलेला होता. गाव कळतं, पण गिऱ्हाइकांची नावं संस्थेला कळत नाहीत, बरणीबरोबर नुसता आकडा येतो. पण आकड्याची कांचनला गरज नव्हती. पुढच्या खेपेला तिनं बुडबुड्याच्या बरणीत तळाशी चार अख्ख्या लसणाच्या पाकळ्या घातल्या आणि वर कैरीचं लोणचं भरलं. शर्वरीला लहानपणी लोणच्यातला तो लसूणच तेवढा हवा असायचा. बरणी परत आली, आत पुन्हा बिया. मग पुन्हा लसूण. दोघींपैकी कुणालाही माघार घ्यावी लागली नाही, आणि दोघींचं बोलणं चालू राहिलं.

"काय करायचं मग?" रेश्मानं विचारलं.

चाळीस बायका एका बाजूला आणि चार लसणाच्या पाकळ्या दुसऱ्या बाजूला. अध्यक्षानं काय करायचं असतं ते कांचनला माहीत होतं. "छापा झाकणावर," ती म्हणाली. "बरणी रिकामी धाडावी. आणि माप सगळ्यांना एकच. याला सूट, त्याला सूट, असं मला चालायचं नाही."

आषाढात झाकणं छापून झाली. बरण्या पुण्याच्या केंद्रातून यायला लागल्या, चकचकीत, वाफेच्या वासाच्या. खोकं उघडायला आता कुणी जमत नव्हतं. मालनकाकू म्हणाल्या, "भूत लागल्यागत वाटतंय ह्यांच्याकडं बघून," आणि त्यांनी खोक्याकडे पाठ केली.

बुडबुड्याची बरणी पहिल्यांदा मोकळी आली तेव्हा कांचननं मनाची समजूत घातली. नियम आपणच केला, पोरीनं पाळला, यात वाईट काय? दुसऱ्यांदाही मोकळी आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मात्र तिला राग आला. जगाला नियम असेल. आईला कसला नियम? एखादी बी चिकटवून धाडायला काय झालं होतं? हा राग अगदी उलटा होता, आणि तो उलटा आहे हे तिला कळतही होतं. पण कळून राग जात असता तर तिनं शर्वरीला लग्नाच्या दिवशीच माघारी बोलावलं असतं. कांचननं बरणीत लसूण घालायचं बंद केलं. पट्टी पिवळी झाली, हिवाळ्यात हिरवीच्या जवळ पोचली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि घरी गेल्यावर तिला जेवण जात नव्हतं.

नव्या कैऱ्या यायच्या सुमाराला रेश्मा हातात यंत्र घेऊन आली. "कांचनताई, हिरवी जरा हुकली."

"कशानं?"

"एक घर आहे. वर्षात तीनदा परका पदार्थ. शेवटचा तर दुधाचा."

दुधाचा पदार्थ म्हणजे काय ते कांचनला सांगायला नको होतं. धुलाई केंद्रात बरणी उलटी करण्याआधी यंत्र तिच्यावर एक अदृश्य उजेड टाकतं. प्रत्येक पदार्थ त्या उजेडातला आपापला भाग शोषतो, तांदूळ वेगळा, तेल वेगळं, साखर वेगळी. परत आलेल्या उजेडावरून आत काय होतं ते यंत्राला कळतं. हे कळावंच लागतं, कारण वाया गेलेल्या प्रत्येक घासाचा बोजा वेगळा. त्यात दूध सगळ्यांत भारी. म्हशीची वैरण, वैरणीचं पाणी, म्हशीच्या पोटातला वायू, शिवाय आटवायला लागलेलं इंधन, हे सगळं त्या लहानशा तुकड्यामागून येतं. संस्थेच्या सगळ्या बरण्यांचा बोजा एकत्र मोजला जातो. हिरवी थोडक्यात हुकली होती आणि तो तुकडा नसता तर हुकली नसती.

"सगळं गाव एकीकडं आणि हे घर एकीकडं," कांचन म्हणाली. "झाकणावर अक्षरं दिसत नाहीत का?"

"केंद्रामार्फत निरोप देता येतो. एकदा विचारून बघू या का? म्हातारं माणूस असेल, विसरत असेल."

"तीनदा?"

"गिऱ्हाईक जुनं आहे, ताई."

"जुनं असो नाहीतर नवं. माप सगळ्यांना एकच. बंद कर ते घर."

रेश्मानं मजकूर वाचून दाखवला. आपण वारंवार नियम मोडला आहे. यापुढे आपली बरणी स्वीकारली जाणार नाही. खाली अध्यक्षांची सही लागत होती. कांचननं यंत्राच्या काचेवर बोटानं सही केली आणि कैऱ्या फोडायला गेली. त्या दुपारी तिचा हात नेहमीपेक्षा झपाझप चालत होता, आणि काम मार्गी लागल्यासारखं तिला वाटत होतं.

बंद केलेल्या घराची बरणी संस्थेकडे परत येते, ती पुन्हा कुणाला देता येत नाही. आठवड्यानं ती आली. एकटी, पुठ्ठ्याच्या खोक्यात. बाद झाल्यामुळे पट्टी तांबडीलाल. कांचननं ती फोडायच्या काचेत टाकायला उचलली, आणि सवयीनं उलटी करून तळ बघितला.

वाटाण्याएवढा बुडबुडा.

ती पाटावर बसली. मग उठली, रेश्माच्या टेबलावरचं वाचक-यंत्र घेतलं आणि पट्टीवर धरलं. इतक्या महिन्यांत तिनं हे कधी केलं नव्हतं. शेकडो बरण्यांतली एक उचलून तिचं स्मरण कोण वाचत बसतो? आत डोकावलं की मोकळी दिसायची, एवढं पुरेसं होतं. यंत्रावर अक्षरं उमटली.

सप्टेंबर. परका पदार्थ: चिंच. नष्ट केला.

कांचन त्या एका ओळीवर थांबली. शर्वरीला चिंच आवडत नव्हती. लहानपणी आमटीतलीसुद्धा ती बाजूला काढायची. चिंच खावीशी वाटणारी शर्वरी ही कुणीतरी वेगळी शर्वरी होती. कांचनलाही पोटुशी असताना चिंचेशिवाय काही जात नव्हतं, आणि ही गोष्ट तिनं लेकीला शंभरदा सांगितली होती.

फेब्रुवारी. परका पदार्थ: तांदूळ, हळद, सुपारी. नष्ट केला.

ओटी भरली होती. कुणीतरी पुण्यात तिच्या लेकीचं डोहाळजेवण केलं होतं, सातव्या महिन्यात, आणि लेकीनं ओटीतली मूठ आईसाठी बरणीत घातली होती. झाकणावर छापलेलं वाचून घातली होती. अशी बातमी सांगायची असताना बरणी रिकामी पाठवायची नसते, हे तिला आईनंच शिकवलं होतं.

एप्रिल. परका पदार्थ: खवा, साखर, वेलदोडा. नष्ट केला.

मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. शिकलेले लोक हल्ली कशालाही काहीही वाटतात, पण मगदुमांच्या घरात ही रीत होती आणि शर्वरीनं ती पाळली असणार. यंत्राला रीत कळत नव्हती. त्याच्या उजेडात पेढा आणि बर्फी सारखेच होते. खवा, साखर, वेलदोडा. नष्ट केला.

कांचनला रडू आलं नाही. तिनं फोन काढला. इतक्या वर्षांत न लावलेला आकडा बोटांना पाठ होता.

"हॅलो."

"शरू. मी बोलतीय."

"बोल."

"बरणी आली. मी आत्ता वाचलं गं, पट्टीवरचं. आत्ता."

"नोटीस मलाही आली. खाली तुझी सही होती, म्हणून दोनदा वाचली."

"मला घर कळलं नाही. नुसता आकडा असतो. त्या बरण्या पुण्यातच धुतात, आमच्याकडं मोकळ्या येतात. मला वाटलं तूच..."

"मला काय वाटलं ते सांगू?" शर्वरीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कांचनला सोसवेना. "चिंच धाडली तेव्हा वाटलं, तू दुसऱ्या दिवशी येशील. बरणी आली, आत लसूणसुद्धा नव्हता. म्हटलं असेल, रागावलीय. ओटीचे तांदूळ धाडले, तरी काही नाही. बाळंतपणात रोज दाराकडं बघायचे मी. मग ते गोड धाडलं, आणि त्याच्यावर नोटीस आली. वारंवार नियम मोडला आहे."

"मी येते. आत्ताची गाडी धरते."

"नको येऊस."

"शरू..."

"एकदा उंबरा बंद केलास, एकदा बरणी. तिसऱ्यांदा काय बंद करशील ते मला बघायचं नाही, आई. माझ्यात तेवढं उरलं नाही आता."

मागून एक बारीक रडणं सुरू झालं, तान्ह्या गळ्यातलं, अजून सूर न सापडलेलं. कांचननं फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला. तिला खूप काही म्हणायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"पेढा होता का गं, का बर्फी?"

रडणं चालू होतं.

"तुमच्या यंत्रानं सांगितलं नाही?"

"खवा आणि साखर, एवढंच."

"मग तेवढंच समज," शर्वरी म्हणाली आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा तो लागला नाही. संध्याकाळी लागला नाही आणि दुसऱ्या दिवशीही लागला नाही. पत्ता मागायला कांचननं केंद्राला कळवलं. उत्तर लगेच आलं, गिऱ्हाइकाची ओळख देता येत नाही, हा नियम सगळ्यांना सारखा आहे. उत्तर लिहिणाऱ्या माणसाची काही चूक नव्हती. त्याच्या जागी ती असती तर तिनं तेच लिहिलं असतं.

पुढच्या आठवड्यात रेश्मा यंत्र नाचवत आली. ते एक घर वजा झालं आणि पट्टी हिरवी झाली होती. भरलेल्या बरण्यांची रांग लागली होती आणि एकेक पट्टी पिवळीची हिरवी होत चालली होती, शेतात वारा फिरावा तशी. शाळांचा माल पुन्हा सुरू होणार होता. चाळीस घरांचं वर्ष निघणार होतं. बायकांनी कैरीच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या.

"अध्यक्षीणबाई, आता तोंड गोड करा की समद्यांचं," मालनकाकू म्हणाल्या. "असं कोरडं न्हाई चालायचं."

रेश्मा पिशवी घेऊन उठली. "काय आणू, ताई? पेढे का बर्फी?"

कांचन लोणच्याच्या पातेल्यात बघत राहिली. सगळ्यांना वाटलं, आनंदानं तिला सुचत नाहीय.

"दोन्ही आण," ती म्हणाली.

बायकांनी खाल्लं, हसल्या, घरच्या पोरांसाठी पदरात बांधलं. सगळ्या गेल्यावर कांचननं फडताळातून बुडबुड्याची बरणी काढली. तिची पट्टी अजून तांबडी होती. तिनं एक पेढा आणि एक बर्फीची वडी आत ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि बरणी पुन्हा फडताळात ठेवली. ती कुठलंच केंद्र घेणार नव्हतं.